घरात एक व्यक्ती आहे

नाही, पण मला सांगा, त्या दोरीनं कुणाचं काय घोडं मारलं होतं? ओढली की पडदा वर, सोडली की खाली, इतकी वर्षं बिनतक्रार! पण आमच्या लेकीनं मागच्या खेपेला माझा खांदा दुखताना बघितला, आणि परत गेल्या गेल्या तिकडून धाडले की हो चारही खिडक्यांना मोटारीवर चालणारे पडदे! बरोबर एक रिमोट आणि एक गोल डबी, ती म्हणे घराचा मेंदू. म्हटलं, अगं, मेंदू कसला पाठवतेस, त्यापेक्षा तूच ये ना! तर म्हणते, "बघते ना बाबा, सुट्टीचं नक्की ठरलं की रविवारी संध्याकाळी फोन करते." आता हे 'बघते' काय असतं, ते ज्याची पोरं लांब आहेत त्यालाच विचारा.

तर पडदेवाला आला. तोंडात दोन स्क्रू धरूनच बोलायचा. "काका, रिमोटच्या पाठीवरचं बटण टाचणीनं दाबून धरा. पडद्यानं मान हलवली की समजायचं, ओळख पटली." आणि खरंच हो, जरासा वर, जरासा खाली, हलवली की मान! तुम्हाला सांगतो, या घरात मला बघून कुणी मान हलवल्याला किती दिवस झाले... असो.

मग मोबाइलवरचं ते ॲप. मी जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस, म्हटलं, भाषा मराठीच निवडू. तिथंच चुकलं! पडद्याला इंग्रजीत म्हणतात ब्लाइंड, त्याचं यांनी केलं आंधळा! "अभिनंदन, चार आंधळे सापडले." "बेडरूममधला आंधळा उत्तर देत नाही." "आंधळ्याला जवळ आणा आणि पुन्हा प्रयत्न करा." अहो, भिंतीत ठोकलाय तो, कसा जवळ आणू? हात धरून?

वर त्याचे प्रश्न! "पहिला माणूस घरी आल्यावर काय करायचं?" म्हटलं, पडदे वर. "शेवटचा माणूस बाहेर पडल्यावर?" म्हटलं, पडदे खाली. आणि मग डोक्यात उजेड पडला... अहो, पहिलाही मीच आणि शेवटचाही मीच! मधे कोणीच नाही! खाली 'सदस्य जोडा' असं लिहून एक अधिकचं चिन्ह होतं, त्याच्याकडे बघत बसलो बराच वेळ. दाबलं असतं, पण नाव कुणाचं घालणार?

रोज पाव आणायला गेलो की मागं पडदे खाली, परत आलो की वर. एवढा थाट, आणि कुणासाठी? पहिलाही मीच, शेवटचाही मीच!

तेवढ्यात त्यात एक सोय सापडली. "घरात कोणी नसताना माणसं असल्याचं भासवा." चोरांसाठी हो! कधी या खोलीतला पडदा वर, कधी त्या खोलीतला खाली, बाहेरच्याला वाटावं घर कसं भरलेलं आहे. म्हटलं, चोरांचेच एवढे लाड का? मलाही वाटू दे की! दाबलं बटण. तर म्हणतं कसं, "घरात एक व्यक्ती आहे. ही सोय उपलब्ध नाही." आली का पंचाईत? माझ्या एकट्यानं घर भरतही नाही, आणि रिकामंही होत नाही! पडदेवाल्याला फोन लावला. "काका, ते माणसं नाही मोजत, मोबाइल मोजतं. मोबाइल बाहेर गेला की तुम्ही बाहेर!"

बस्स! रविवारी दुपारी उतरलो, गेटपाशी ते भासवायचं बटण पुन्हा दाबलं आणि मोबाइल दिला तिथल्या वॉचमनकडे, म्हटलं, सांभाळ जरा, लेकीचा फोन यायच्या आत घेऊन जातो. वर येऊन हॉलमध्ये खुर्ची टाकून बसलो. आणि तुम्हाला सांगतो... बेडरूममधून घुर्रर्र! कोणीतरी उठलं वाटतं. स्वयंपाकघरातून घुर्रर्र! चहा टाकतंय कोणीतरी. लेकीच्या खोलीतला पडदा वर गेला, तर तोंडून आपसूक निघालं, "उठलीस का गं?" लाजलो हो स्वतःशीच. पण उठवेना! बसून राहिलो, पार अंधारून येईपर्यंत.

मग आठवलं, फोन! अनवाणीच धावलो खाली. वॉचमन एकदम खूश. "काका, ताईंचा फोन आलेला! किती छान बोलतात हो! विचारत होत्या, बाबांना एकटं वाटतं का, तसं असेल तर रजा टाकून येतेच." माझे डोळे भरूनच आले. "मग? तू काय सांगितलंस?" "मी म्हटलं, अजिबात काळजी करू नका! दुपारपासून बघतोय, चारही खिडक्यांत नुसती वर्दळ! घर पाहुण्यांनी गजबजलंय! त्यांना इतकं बरं वाटलं काका... म्हणाल्या, मग मी पुढच्या वर्षीच निवांत येते."

जिन्यातच फोन लावला. "बाबा! कोण कोण आलंय?" आवाज इतका मोकळा झाला होता हो पोरीचा... कसं सांगणार? म्हटलं, "चौघं आहेत गं. तुझ्याकडूनच आलेत." खळखळून हसली. वाटलं असेल, बाबा मजेत आहेत.

दार उघडलं, तर घरातली सगळी वर्दळ थांबली, आणि चारही आंधळे एकदम वर! मोबाइलवर अक्षरं आली, "पहिला माणूस घरी आला."

म्हटलं, हो रे बाबा... आता दार लावून घेतो, शेवटचाही आला.