करडाचा शेवट

शिवांजली : आबा, पेटी उघडा ना. साडेदहाची गाडी गाठायचीय मला.

वैजिनाथ : उघडतो की. पन्नास वर्सं पलंगाखाली हाय, आता पळून चाललीय का?

शिवांजली : जुन्या फिल्मा सांभाळायची नोकरी करते मी पुण्यात, आणि घरातलीच फिल्म तुम्ही आत्ता सांगताय. नव्वद वर्षांपूर्वी, चित्रं नुकती बोलायला लागली तेव्हा, विलायतेत एका शेळीच्या करडाची चारच कार्टूनं निघाली. मग ती काढणारी कंपनीच बुडाली. तीन सापडलीत. पेटीतलं हे चौथं जगात कुणाकडेच नाही.

वैजिनाथ : विलायतेत बी न्हाई?

शिवांजली : नाही.

वैजिनाथ : मग तर नेऊच नको.

शिवांजली : आता का?

वैजिनाथ : तुझ्या सायबापुढं माझी इज्जत जाईल. त्याला शेवट न्हाई. मी कापला.

शिवांजली : कापला? कशानं?

शिवकांता : माझ्या शिवणाच्या कातरीनं. धार गेली तिची, ती गेलीच.

शिवांजली : आजी, तू तरी नीट सांग.

शिवकांता : आमची तंबूतली टॉकीज हुती ना, तवाची गोष्ट. उमापूरची जत्रा.

वैजिनाथ : जुनी मशीन घेतली, तिच्यासंगं हे फुकट आलतं. लोक बसेस्तोवर लावू म्हनलं. म्होरं सगळे शेरडं-मेंढरं राखनारे. करडू नाचतंय, गातंय, लोक लई खुश. अन मग ते धपकन आडात पडलं.

शिवकांता : बाया रडाय लागल्या. केसरबाई म्हनून एक म्हातारी हुती, ती पडद्याम्होरं जाऊन उभी ऱ्हायली. म्हनली, आमच्या देवाच्या जत्रंत करडू मारता व्हय?

वैजिनाथ : लोक तंबूचे दोर सोडाय निघाले. मी मशीन बंद केली अन आडापासनं फुडचं सगळं कापून फेकलं. बघितलं बी न्हाई.

शिवांजली : मग दुसऱ्या दिवशी काय दाखवलंत?

वैजिनाथ : करडू आडापाशी यायचं अन पडदा पांढरा. हिला म्हनलं, माईक घे, सांग कायतरी, करडू घरी गेलं म्हनून. तर हिनं काय झकास रचलं! आडातली कासवं एकावर एक चढली, करडू वर आलं, माय त्याला चाटाय लागली. बारा वर्सं सांगितलं हिनं, गावोगाव. वडवणीच्या बाजारात बाया म्हनायच्या, करडाची बाई आली.

शिवांजली : आणि तो तुकडा कायमचा गेला.

शिवकांता : गेला कुठं? मी उचललाय.

वैजिनाथ : काय?

शिवकांता : बांगड्याच्या डब्यात हाय. थांबा.

(शिवकांता आतून डबा आणते. शिवांजली तुकडा दारातल्या उन्हापुढं धरते.)

शिवांजली : हे पडलं. हे पाणी. हे... कासव. अजून एक. आबा, कासवांची उतरंड आहे! करडू वर आलं. आणि ही शेळी चाटतेय त्याला. आबा, ते मेलंच नव्हतं.

वैजिनाथ : दाव हिकडं. ...न्हाई की. जित्तं हाय. अगं, तुला ठावं हुतं?

शिवकांता : दुसऱ्या दिवशी सकाळीच उन्हात धरून बघितलं. मला कुठलं आलंय रचायला.

वैजिनाथ : मग बोलली कावून न्हाईस? पाच मिनिटांत जोडला असता मी.

शिवकांता : म्हनूनच न्हाई बोलले.

वैजिनाथ : म्हंजे?

शिवकांता : दिवसभर भाकरी थापायच्या, तंबू झाडायचा, दारात तिकिटं फाडायची. त्यात ती दोन मिनिटं. एवढी मानसं गप बसून माझं ऐकायची. लई बरं वाटायचं हो. तुमी तुकडा जोडला असता, तर माईक कुनी दिला असता मला?

शिवांजली : आजी, मग मी जोडू की नको? तू म्हणशील तसं.

शिवकांता : जोड बाई. करडाला त्याचा शेवट मिळू दे. मला आता कुठं जत्रंला जायचंय?

शिवांजली : पण तुझाही शेवट मला हवाय. फोनवर बोल, मी रेकॉर्ड करते. दोन्ही नेते पुण्याला.

शिवकांता : आता आवाज ऱ्हायलाय कुठं?

वैजिनाथ : शिवांजली, दुपारची गाडी बी हाय. फोन दे माझ्याकडं. हिच्या तोंडापासनं वीतभर लांब धरावा लागतो.