आधी तुम्ही, विहीणबाई

...आणि वर मलाच विचारतो, "आई, तू गोळी का नाही मारलीस?" मला! अहो, जिचा जन्म सुईत दोरा ओवण्यात गेला, तोही चष्म्याशिवाय, तिला हा विचारतो की गोळी का नाही मारलीस. तुम्हाला सांगते, नेम माझा पक्का आहे. त्यात वादच नाही. आमच्या शिवणाच्या दुकानात कुणालाही विचारा, माझी शिलाई रेघ सोडून जात नाही. आणि गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत मी त्याचं माप डोळ्यांनी घेतलेलं असतं. लढाईतही तेच. झुडपामागून नुसता खांदा दिसला तरी मला कळतं, छाती बेचाळीस, पोट सुटलेलं, म्हणजे हा पळणार नाही, मारा. काय आहे त्यात?

तर हा खेळ. म्हणजे मोबाइलवरचा हो, लढाईचा. सगळ्यांना विमानातून एका बेटावर सोडतात, खाली उतरायचं, पडक्या घरांमधून बंदुका शोधायच्या, आणि बाकीच्यांना मारत मारत शेवटपर्यंत टिकायचं. चौघांची एक टोळी. जी टोळी शेवटी उरली ती जिंकली. बास. संसारात याहून वेगळं काय असतं?

आता तुम्ही म्हणाल, या वयात हे खूळ कुठून शिरलं डोक्यात? सांगते. मुलाचं लग्न झालं, नोकरी दुसऱ्या गावात लागली, गेले दोघं. रोज फोन करायचा, नाही असं नाही. पण फोन कसला? "जेवलीस का? गुडघा कसा आहे? बरं, ठेवतो." संपलं! मी "अरे, ऐक ना" म्हणेपर्यंत तिकडे शुकशुकाट. आणि एकदा आम्ही दोघं त्याच्याकडे राहायला गेलो तर काय बघते, हा कानाला हेडफोन लावून खुर्चीत बसलाय आणि कुण्या परक्या माणसांशी तासभर बोलतोय. "भाऊ, डावीकडे! भाऊ, मी आहे, घाबरू नकोस! भाऊ, माझं औषध घे!" मला आयुष्यात कधी म्हणाला नाही, माझं औषध घे. मी तिथेच ठरवलं. ज्या बेटावर माझा मुलगा बोलतो, त्या बेटावर मी उतरणार.

आणि उतरले! सुरुवातीला फजिती झाली, मान्य. एकदा विमानातून उडीच मारली नाही, शेवटच्या स्टॉपपर्यंत बसून राहिले. एकदा आपल्याच मुलाला गाडीखाली घेतलं. पण एकदा हात बसला की बसला. हळूहळू लोक विचारायला लागले, ही 'कात्री' कोण? कात्री म्हणजे मी. मुलाने स्वतःची टोळी काढलेली, तिचा कप्तान तो, तिच्यात सूनबाई आणि मी. रोज संध्याकाळी दुकान बंद करून आले की तास-दीड तास माझा मुलगा माझ्या कानात बोलतो. "आई, मागे बघ. आई, वाक. आई, काय मारलास गं!" अहो, त्या "काय मारलास गं" साठी मी रोज मरायला तयार आहे. आणि मरतेही.

त्रास नाही का? आहे ना! ऐन लढाईत नेट जातं. समोर शत्रू, मी चाप ओढणार, आणि पडद्यावर ते गोल गोल फिरायला लागतं. फिरायचं थांबेपर्यंत मी आडवी. नाहीतर नणंदेचा फोन येतो. बंदुकीच्या जागी नणंदेचा फोटो! आणि आमचे हे. यांना खेळात रस नाही, पण स्वयंपाकघरातून दर थोड्या वेळाने विचारणार, "मेलीस का? नाही? बरं, मग भात थांबवतो." बाहेरची माणसं तर विचारू नका. परवा एक 'महाकाळ' नावाचा मला म्हणतो, "काकू, घरी जा, पोळ्या लाटा." मी म्हटलं, घरीच आहे बाळा, आणि तुझ्याच छपरावर आहे. नेम माझा पक्का आहे. महाकाळ तिथेच आटोपला.

हे सगळं चालून जातं. माणूस चिडतो, ओरडतो, मोकळा होतो. पण ज्या माणसावर ओरडताच येत नाही, असं माणूस टोळीत आलं तर?

विहीणबाई आल्या! सुनेची आई. त्यांचंही तेच दुखणं, लेक फोनवर तीनच वाक्यं बोलते. त्यांना कळलं, की लेक रोज संध्याकाळी सासूबरोबर गप्पा मारते. कुठे? तर बेटावर. कुठल्या आईला सहन होईल? घेतला मोबाइल, मारली उडी.

बाई स्वभावाने लोणी हो. पाळणाघर चालवतात. पण पाळणाघराची सवय लढाईत कशी चालेल? कुठेही वस्तू पडलेली दिसली की उचलणार. बंदूक एक, पण हेल्मेटं घेतील सहा. "पसारा किती करतात हो ही मुलं." शत्रू बसलेला असला तर मारणार नाहीत, म्हणे दमला असेल. आणि मी काही बोलू शकत नाही! कारण लग्नात खुर्च्यांवरून झालं होतं आमचं. त्यांच्या मोठ्या बहिणीला कुणीतरी मागच्या रांगेत बसवलं, मग त्यांच्याकडच्यांनी आमच्या भाऊजींना दुसऱ्या पंगतीला, मग चार दिवस कुणी कुणाशी बोलेना. त्यात बिचाऱ्या पोरांचे चेहरे एवढेएवढे झाले. तेव्हापासून मुलाने मला बजावलंय, "आई, काही झालं तरी तिच्या आईला शब्द बोलायचा नाही." आणि सुनेने तिकडे तेच बजावलेलं. त्यामुळे आम्ही दोघी एकमेकींशी अशा जपून वागतो, की जणू दोघींच्या हातात काचेची बरणी आहे.

आता हा जपून वागण्याचा प्रकार लढाईत कसा दिसतो, सांगू? पडक्या घराच्या दारात आम्ही पोचलो. मी म्हणते, "आधी तुम्ही." त्या म्हणतात, "छे छे, आधी तुम्ही." "अहो, असं कसं, तुम्ही या ना." मागून गोळ्या येतायत! मुलगा किंचाळतोय, "आत जा! कुणीतरी आत जा!" एकदा पेटीत दुर्बिणीची बंदूक मिळाली. एकच. हिऱ्यासारखी. मी म्हटलं, तुम्ही घ्या. त्या म्हणाल्या, तुम्हाला शोभते. मी म्हटलं, माझ्याकडे आहे हो. नव्हती! शेवटी ती बंदूक तिथेच राहिली, मागून आलेल्या एकाने उचलली आणि तिनेच आम्हाला मारलं. मी जखमी होऊन पडले की त्या मला उठवायला शेजारी बसणार, मी म्हणणार, "कशाला त्रास घेतलात," त्या म्हणणार, "त्रास कसला, गुडघा कसा आहे आता?"

हे असं चाललेलं, तोवर कप्तानसाहेबांनी फर्मान काढलं. या सीझनला, म्हणजे खेळाच्या या हंगामात, टोळीतला जो चांदीच्या पायरीवरून वरच्या सोन्याच्या पायरीवर जाणार नाही, त्याला काढणार. मी म्हटलं, जो म्हणजे? "म्हणजे कुणीही, आई. टोळीतल्या सगळ्यांना एकच नियम." अहो, ज्याला मी नऊ महिने बाहेरच काढलं नाही, तो मला काढणार! पण खरं सांगते, हसू आलं नाही. टोळी गेली की काय उरणार? "जेवलीस का? गुडघा कसा आहे? बरं, ठेवतो." एवढंच.

सीझनचा शेवटचा रविवार. विहीणबाई आणि मी, दोघी चांदीवर अडकलेल्या. एक सामना जिंकला की दोघी सोन्यावर. सूर्य मावळायच्या आत सीझन बंद. मी सकाळीच यांना सांगून ठेवलं, आज भाताचं विचारायचं नाही. नणंदेला आपणहून फोन करून टाकला, म्हणजे तिचा यायला नको.

आणि काय खेळलो हो आम्ही! मी छपरावरून एक टिपला, पुलावरून एक टिपला, चालत्या गाडीतला एक टिपला. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही माणूस आहात की यंत्र?" नेम माझा पक्का आहे, मी तिला सांगितलं. शेवटी शेवटी मुलगा पडला, सूनबाई पडली, समोरच्या टोळीतले तिघे मीच आडवे केले. उरलो तिघं. मी, विहीणबाई, आणि समोर दगडामागे एकटा जीव, औषध पीत बसलेला. मेलेली माणसं बघू शकतात, ऐकू शकतात, पण त्यांना बोलता येत नाही, म्हणजे मुलगा आणि सून श्वास रोखून बघतायत. माझ्या दुर्बिणीत त्याचं डोकं. खांदे अठरा इंच. हलत नाही. चाप ओढायचा अवकाश...

तेवढ्यात कानात आवाज आला, "विहीणबाई, मला दिसला हो तो. अगदी समोर आहे."

आता बघा. शेवटची गोळी जो मारतो त्याचं नाव मोठ्या अक्षरांत झळकतं, सगळ्या बेटाला दिसतं. आणि त्यांनी त्या दिवसापर्यंत एकही माणूस मारलेला नव्हता. एकही! त्यांची लेक बघत होती. मला एकदम त्या लग्नातल्या खुर्च्या आठवल्या. म्हटलं, जाऊ दे, होऊ दे त्यांचं नाव. मी म्हटलं, "मग मारा ना तुम्हीच."

त्या म्हणाल्या, "छे छे, सगळं तुम्ही केलंत आणि मी आयतं खाऊ? तुम्ही मारा."

"अहो, नाही, आज तुमचा मान."

"असं कसं, मोठ्या तुम्ही. आधी तुम्ही."

"नाही हो, आधी तुम्ही."

आणि तुम्हाला सांगते, माईक आमचा सगळ्यांना ऐकू जाईल असा सुरू होता. कुणी केला, देव जाणे. दगडामागून एक बिचारा आवाज आला. "मावशी, तुमचं ठरत नसेल तर... मी मारू का?"

आणि विहीणबाई, जन्माची सवय हो, त्याला म्हणाल्या, "हो हो, आधी तुम्ही."

मारलं त्याने! आधी त्यांना, मग मला. मी चाप ओढला की नाही, ते विचारू नका. माझ्या तोंडून त्या वेळी "अहो, सावकाश" असं काहीतरी बाहेर पडत होतं.

मग मुलाचा आवाज. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "आई, तू गोळी का नाही मारलीस?" मी काय सांगणार? की बाळा, तुझा संसार सांभाळत होते? सूर्य मावळला, सीझन बंद झाला, आणि पडद्यावर अक्षरं आली, कप्तानाने तुम्हाला टोळीतून काढलं आहे. एकीला नाही, दोघींना. सासू आणि आई एकाच वेळी, नियम म्हणजे नियम. मी मोबाइल उपडा ठेवला. डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही. यांनी हळूच विचारलं, "भात टाकू?"

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. मी तयारच होते. "जेवलीस का?" जेवले. "गुडघा?" बरा आहे. मी म्हटलं, आता ठेवतो म्हणेल. तर म्हणतो, "पण आई, तो दगडामागे बसलेला, तुझ्याकडे दुर्बीण, वारा नाही, काही नाही, मग..." आणि सुरू! तासभर! मी एका हाताने तीन विजारींच्या कडा उसवल्या तरी याचं संपेना. तिसऱ्या दिवशी परत. चौथ्या दिवशी परत. मी कुठे उभं राहायला हवं होतं, विहीणबाईंनी कुठे, सगळं समजावून सांगतो. मी म्हणते, हं, हं, परत सांग रे, नीट कळलं नाही. अहो, मला पहिल्याच दिवशी कळलेलं आहे.

इकडे विहीणबाईंचा निरोप. रडवेल्या झाल्या होत्या, म्हणाल्या, आपण दोघींनीच टोळी काढू या का? काढली की! नाव ठेवलं, निशाण केलं. आणि तुम्हाला सांगते, काल मुलाचा फोन आला तो मुळी "जेवलीस का" न विचारताच. म्हणतो, "आई, आम्ही हरतोय सारखे. तुझ्यासारखा नेम नाही कुणाकडे. आम्हा दोघांना तुमच्या टोळीत घेतेस का?"

घेते ना! का नाही घेणार? पण टोळीत माणूस घ्यायला कप्तानाची परवानगी लागते, आणि कप्तान ठरल्याशिवाय टोळीला बेटावर सोडतही नाहीत. पंधरवडा होत आला, मी रोज विहीणबाईंना म्हणते, कप्तान तुम्ही व्हा. त्या म्हणतात, तुम्ही व्हा. आज सकाळी तर त्यांनी अगदी शपथ घालून सांगितलं, "कप्तान तुम्हीच, आता नाही म्हणायचं नाही."

आता त्यांनी म्हटलं म्हणून मी लगेच हो म्हणायचं... बरं दिसतं का ते? तुम्हीच सांगा.