दोन तासांचा फरक

(कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातलं रेजिना. जुलैमधला शुक्रवार, दुपारचे अडीच वाजून गेलेले. अवंतिका-ओजस हे जोडपं राहतं त्या मंदाकिनीकाकूंच्या बेसमेंटमधून त्यांच्या स्वयंपाकघरात जाणारा जिना.)

अवंतिका : ...आणि ऑफिसच्या अगदी समोरून ती एलआरटी जाते, ओजस! वॉटर्लूसारख्या गावात ट्राम! मी मॅपवर चार वेळा जाऊन पाहून आले.

ओजस : हळू बोल. वर ऐकू जातं.

अवंतिका : जाऊ दे की! तीन आठवडे कुजबुजतोय आपण. चोरी केली असती तरी एवढं लपवलं नसतं. आज पाचच्या आत ऑफरवर सही करायचीय. त्यांचे पाच म्हणजे आपले चार. फक्त सव्वा तास उरलाय, बाळा.

ओजस : काकूंना सांगितल्याशिवाय नाही.

अवंतिका : मग सांग ना! रोज म्हणतोस, उद्या सांगतो.

ओजस : काय सांगू? या प्रांताने आपल्याला बोलावलं, त्या नॉमिनेशनच्या फाइलमध्ये त्यांचं पत्र आहे. मावशीची वर्गमैत्रीण, एवढ्या ओळखीवर त्यांनी लिहून दिलं की हे दोघं सस्कॅचेवानमध्ये स्थायिक होतील याची मला खात्री आहे. खाली सही, पत्ता, फोन नंबर. त्या पत्रावर आपण या देशात आलो. आणि मी माझ्या अर्जात काय लिहिलं होतं, आठवतं?

अवंतिका : ‘आम्ही इथे मुळं रोवू.’ पाठ आहे मला. मी तेव्हाही म्हटलं होतं, झाडासारखं नको लिहूस.

काकू : अरे, जिन्यात बसून कसली खलबतं चाललीत? वर या. परसातल्या रूबार्बच्या आंबट देठांचं लोणचं घातलंय, मीठ चाखायला कुणीतरी हवंय.

ओजस : आलो, काकू.

काकू : बसा. तिकडे नको, ओजस. इकडे, तिच्या शेजारी बस. जवळ बसा दोघं.

अवंतिका : जवळच बसतो की आम्ही, काकू.

काकू : मला शिकवू नकोस. तीन आठवडे बघतेय. मी समोर आले की तुमची तोंडं बंद. तू बाजूच्या दाराने खोकी आणतेस, तीही मी बागेत नाही असं बघून. संध्याकाळी गाडीत बसता, काचा वर करता आणि तासभर बोलता. चाळीस वर्षं या देशात काढलीत मी. मोडायला आलेले संसार कसे दिसतात, मला ठाऊक आहे.

ओजस : काकू, तसं काही...

काकू : म्हणून तर दोघांना वेगवेगळे डबे पाठवत होते. म्हटलं, भांडलेली माणसं एका भांड्यातलं खाणार नाहीत.

अवंतिका : अय्या, म्हणून दोन डबे! मला वाटलं, भोपळ्याची भाजी उरली असेल.

ओजस : तुझ्या डब्यात भोपळा होता? माझ्या डब्यात भरली वांगी असायची.

अवंतिका : आणि तू एकटा खात होतास?

काकू : मला वाटलं, चूक तुझी असणार.

अवंतिका : काकू!

काकू : मग नक्की काय आहे? भांडण नाही, तर खोकी कशाला?

ओजस : काकू, गेले काही दिवस आम्ही एका गोष्टीचा सर्व बाजूंनी विचार करत होतो. तुमचे आमच्यावरचे उपकार लक्षात घेता ती तुम्हाला कोणत्या शब्दांत...

अवंतिका : मला वॉटर्लूला जॉब मिळाला!

काकू : ओन्टारिओत?

अवंतिका : हो! माझ्या कामाचा जॉब, काकू. पुण्यात करायचे तसा. लहान मुलांसाठी श्रवणयंत्रं बनवतात ते. कानातला आवाज स्वच्छ करायचा प्रोग्रॅम लिहायचा. वर्गात पंखा फिरतोय, बाकं सरकताहेत, मुलं ओरडताहेत, त्यातून बाईंचा आवाज तेवढा उचलून पोराच्या कानापर्यंत पोचवायचा! नऊ जणांची टीम आहे. इंटरव्ह्यूला त्यांनी मला एक ट्रॅक ऐकवला, म्हणाले, यात काय बिघडलंय? मी सांगितलं, आणि पलीकडचा माणूस खुर्चीतून उठलाच. साडेतीन वर्षं इथे मी फोनवर लोकांचे पासवर्ड रीसेट करून देतेय. ‘हॅव यू ट्राइड टर्निंग इट ऑफ?’ झोपेतही म्हणते मी ते.

ओजस : खरंच म्हणते.

काकू : आणि हे तीन आठवडे माझ्यापासून लपवलंत.

ओजस : माझ्यामुळे. ती पहिल्याच दिवशी वर धावत येणार होती. मीच अडवलं. काकू, तुम्ही आमच्यासाठी शब्द टाकलात. उद्या कुणी तुमच्याकडे बोट दाखवलं तर? त्यात एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलंय, नॉमिनेशन दिलेला प्रांत सोडला की पुढे सिटिझनशिपला त्रास होतो, पत्र देणाऱ्यालाही नोटीस येते...

काकू : ग्रुपवर! सव्वीस वर्षं सरकारी कचेरीत नोकरी केलेली बाई तुझ्या डोक्यावर राहते. जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. आणि तू ग्रुपवर विचारतोस?

ओजस : विचारलं नाही. वाचलं नुसतं.

काकू : तुझ्या कायम रहिवासाच्या पीआर कार्डावर कॅनडा लिहिलंय की सस्कॅचेवान?

ओजस : कॅनडा.

काकू : आलात तेव्हा इथे राहायच्या मनाने आलात की नाही?

ओजस : अगदी मनापासून. मी तर इथल्या हायवे विभागात...

काकू : माहितीय, उणे चाळीसमध्ये रस्त्यावर उभा राहून भेगा मोजतोस. आणि राहिलात की नाही?

ओजस : साडेतीन वर्षं.

काकू : मग खोटं काय लिहिलं मी? स्थायिक होतील असं लिहिलं होतं. इथेच मरतील असं नव्हतं लिहिलं. विमानतळावरून परस्पर दुसरं विमान पकडलं असतंत, तर मी स्वतः बोट दाखवलं असतं.

अवंतिका : हेच! हेच मी सांगतेय याला!

काकू : तू गप्प बस. तुझ्यावरही राग आहेच. खोकी त्याने नाही, तू आणलीस. ही बाई मागे ओढेल, असं वाटलं तुम्हाला. पोटची पोर, ऊर्मी, टोरंटोला शिकायला गेली ती तिकडचीच झाली. तिला नाही ओढलं मी.

अवंतिका : सॉरी, काकू. खरंच सॉरी.

काकू : असू दे. लोणचं चाख. सही कधी केलीस?

अवंतिका : नाही केली अजून. ओजस हो म्हणेपर्यंत करणार नाही, असं ठरवलंय. आज पाचपर्यंत मुदत आहे. तिकडचे पाच, म्हणजे आपल्याकडे चार. आहे अजून तासाभराच्या वर.

काकू : कुणी सांगितलं चार?

अवंतिका : कुणी म्हणजे? ओन्टारिओ आपल्या एक तास पुढे आहे.

काकू : हिवाळ्यात. अगं, त्यांनी मार्चमध्ये घड्याळं पुढे केली. आपण करत नाही. उन्हाळ्यात दोन तासांचा फरक असतो!

ओजस : म्हणजे तीन?

काकू : तीन. ते बघ घड्याळ.

अवंतिका : पावणेतीन! ओजस! पंधरा मिनिटं!

ओजस : पण इंटरव्ह्यू तर तू वेळेवर दिलास!

अवंतिका : ते कॅलेंडरने आपोआप दाखवलं! हे पत्रात लिहिलंय, मी मनात हिशोब केला! लॅपटॉप कुठेय?

ओजस : खाली. चार्जरला. थांब, मी आणतो.

काकू : जपून, त्या तिसऱ्या पायरीवर... आपटला. लागलं का रे?

ओजस : नाही! हा घ्या लॅपटॉप.

अवंतिका : तुझ्या गुडघ्यातून रक्त येतंय.

ओजस : येऊ दे. उघड ते.

अवंतिका : उघडलं. खालपर्यंत सगळं वाचलेलंच आहे. इथे नाव, इथे सही. ओजस, बोल. हो की नाही?

ओजस : मला वाटतं, निदान थोडा...

अवंतिका : बारा मिनिटं आहेत. तू नाही म्हणालास तर मी हे बंद करेन, आणि आयुष्यात एकदाही बोलून दाखवणार नाही. पण तुझ्या तोंडून ऐकायचंय मला.

काकू : ओजस, एक सांग. जानेवारीत तुम्ही उतरलात, तेव्हा विमानतळावर मी तुला जॅकेट दिलं. निळं. कुणाचं होतं ते?

ओजस : चिरागचं. आपली पद्धतच आहे ना, जुन्याचं जॅकेट नव्या माणसाला न्यायचं.

काकू : चिराग-सीमा कुठे असतात आता?

ओजस : मिल्टनला. ओन्टारिओतच.

काकू : त्यांनाही मीच पत्र दिलं होतं. त्याच्या आधी ते जॅकेट संजयचं. तो कॅलगरीत. अकरा जणांना पत्रं दिली, रेजिनात त्यातले तिघं उरलेत. बाकीचे गेले, पण ज्यांनी ज्यांनी इथला पहिला हिवाळा काढला, त्यांनी निघताना जॅकेट माझ्या कपाटात आणून ठेवलं. गेली तीन वर्षं तू ज्या उबेत भेगा मोजल्यास ना बाळा, ती गेलेल्या माणसाची होती.

ओजस : हे मला कधीच सुचलं नाही.

काकू : सुचणार कसं? तू माझं पत्र पाठ करत बसलास.

अवंतिका : नऊ मिनिटं.

ओजस : कर.

अवंतिका : नीट म्हण.

ओजस : कर सही, अवंतिका. हायवे तिथेही आहेत. भेगाही असतीलच.

अवंतिका : केली! थांब, फिरतंय... अजून फिरतंय... काकू, तुमचा वायफाय!

काकू : मायक्रोवेव्ह चालू आहे, त्याने अडतो तो. बंद कर तो, ओजस!

ओजस : केला.

अवंतिका : गेलं! ‘वेलकम टू द टीम, अवंतिका!’ दोन चोपन्न! काकू, मला धरा, नाहीतर मी या टेबलावर चढेन!

काकू : टेबल डगमगतं, जमिनीवरच नाच. ओजस, तू गुडघा धू आधी. आणि साखर काढ डब्यातून, तोंडात लोणचं आहे पोरीच्या.

अवंतिका : सगळं एकदम खाते! आईला फोन करू? पुण्यात किती वाजले असतील? नको, आज मी कुठल्याच घड्याळाचा हिशोब करणार नाही!

ओजस : काकू, एक राहिलंच. नोव्हेंबरात तुमच्या पत्रावर गुंजन आणि विक्रम येताहेत. सगळ्यात शेवटी आलेल्यांनी विमानतळावर जायचं, तो मान आमचा होता. मी शब्द दिलाय त्यांना. अवंतिका सप्टेंबरात जाऊ दे, मी नोव्हेंबरपर्यंत थांबतो.

काकू : काही नको दोन ठिकाणी दोन चुली. आताच तुमचा संसार सावरलाय मी.

अवंतिका : मोडलाच नव्हता!

काकू : विमानतळावर मी जाईन. अडुसष्टची असले तरी विंटर टायर्स घालून अजून कुणालाही मागे टाकते. विक्रमने उंची कळवलीय, तुझ्याएवढीच आहे. जॅकेट तेवढं धुऊन कपाटात ठेव.

ओजस : त्याचा डावा खिसा फाटलाय. पहिल्याच दिवशी तुमच्या घराची किल्ली अस्तरात गेली होती.

काकू : आणि मी उणे तीसमध्ये तुला दार उघडायला उठले होते. चिरागही शिवतो शिवतो म्हणत गेला. आण, मी घालते दोन टाके.

ओजस : नको, काकू. सुई-दोरा कुठे असतो तेवढं सांगा.