तीन तऱ्हेचं व्हॅनिला

शिक्षिकेला घाई होती, पण रांगेत तिच्या पुढचे काका आइस्क्रीमच्या काउंटरवरून हलेनात.

काउंटरवरचा विक्रेता सांगत होता, “काका, व्हॅनिला तीन तऱ्हेचं आहे. हे पांढरंशुभ्र, नुसत्या दूध-सायीचं. हे पिवळसर, अंड्याचा बलक घातलेलं, दाट. आणि हे काळ्या ठिपक्यांचं, त्यात व्हॅनिलाच्या शेंगेतल्या बिया आहेत.”

“चाळीस वर्षं मी पांढरंच नेतोय. थांबा, घरी बायकोलाच विचारतो. तिच्या घशाचं ऑपरेशन झालंय, बोलायची बंदी आहे.”

काकांनी फोन स्पीकरवर टाकला.

“अगं, ऐक. पांढरं हवं तर फोनवर एक टिचकी मार, पिवळ्याला दोन, काळ्या ठिपक्यांच्याला तीन.”

टक. टक. टक.

“ठिपक्यांचं? अगं, कचरा पडलाय म्हणून मी एकदा परत केलं होतं ते! तेव्हाही तुला तेच हवं होतं? हो असेल तर एक टिचकी.”

टक.

“मग बोलली का नाहीस?”

याला टिचकी ठरलेली नव्हती. शिक्षिकेने घड्याळ बघणं सोडून दिलं.

“बरं, बरं. घरी येतोच. वहीत लिही. बोलायचं राहिलेलं सगळं लिही, मी वाचतो.”

“काका, लहान डबा देऊ?”

“मोठा द्या. वेळ लागणार आहे आम्हाला.”