पाचशे बहात्तर कोडी आणि दोन कापलेली टोकं

(दुपार. टेबलावर कॉम्प्युटर आडवा, झाकण काढलेलं. वहिनी साप्ताहिकासाठी शब्दकोडी रचतात. दीर वायरमन आहे.)

वहिनी : तुमचा फायदा मी केव्हाच मोजलाय, भावजी. कोडं छापून यायच्या चार दिवस आधी तुम्हाला बघायला मिळतं. मग कामावर चहाच्या वेळी पेपर उघडायचा, कपाळाला आठ्या घालायच्या आणि दहा मिनिटांत सोडवून दाखवायचं. नवी डिस्क चालली नाही तर तुमची पंडिताई गेली.

दीर : सात मिनिटांत. आणि दुकानदार बसवायचे सहाशे मागत होता, ते कुणी वाचवले?

वहिनी : तुम्हीच. पंधरा मिनिटांचं काम म्हणालात, पाऊण तास झाला.

दीर : आता काय सांगू? जुनी डिस्क आत, नवी तिच्या शेजारी, चारी स्क्रू घट्ट. पण नवीला वीज द्यायला टोकच नाही. एवढा मोठा डबा बनवतात आणि एक जास्तीची वायर सोडत नाहीत. कंजूष लेकाचे.

वहिनी : मग ही काळी टेप कसली? बघा तरी. इथे एक, तिथे एक. किती सफाईदार गुंडाळलीय.

दीर : ...ती होय.

वहिनी : भावजी.

दीर : गेल्या वर्षी धूळ काढायला उघडला होता ना, तेव्हा दोन टोकं नुसतीच लोंबत होती. आमच्या धंद्यात रिकामं टोक लोंबतं ठेवणं म्हणजे पाप. वस्तादांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

वहिनी : म्हणून पक्कडीनं कापलीत?

दीर : कापली, वर टेप मारली. तुम्ही म्हणाला होतात, किती नीटनेटकं केलंत.

वहिनी : मला काय माहीत, माझ्याच पायावर कुऱ्हाड मारून वर त्याला टेप लावलीत ते.

दीर : हसू नका हो. एक करू, जुनी काढतो आणि तिच्या वायरवर नवी लावतो.

वहिनी : आणि कोडी? रिकाम्या खोलीत बिऱ्हाड आपणहून चालत येतं का? उचलून न्यायला दोन्ही एकदम चालू हव्यात. जुनी तीन दिवस कटकट करतेय. अकरा वर्षांची कोडी तिच्या पोटात आहेत, आणि पुस्तक काढणाऱ्या बाईंना सगळी सोमवारी हवीत. निम्मी कात्रणं वाळवीनं खाल्ली. गेली तर गेलीच.

दीर : दुकान चारला उघडेल. जोडवायर आणतो.

वहिनी : थांबा. ही सीडीची पेटी. हिच्या पाठीत दोन वायरी गेल्यात, एक रुंद, एक अरुंद. नव्या डिस्कच्या पाठीलाही तशाच दोन खाचा आहेत.

दीर : अरेच्चा. पण ती दादाची आहे. गाणी ऐकतो तो.

वहिनी : चार वर्षांत उघडलेली नाही. काढा.

दीर : दादाला विचारून...

वहिनी : त्यांचं मी बघते. तुम्ही फक्त ती पक्कड लांब ठेवा.

दीर : घ्या. बसली. करा चालू.

वहिनी : दिसतेय. नवी दिसतेय, भावजी. सगळी कोडी उचलून तिकडे टाकते. एकशे दहा... दोनशे साठ... किती कटकट करतेय हो जुनी बिचारी.

दीर : चारशे नऊवर अडकलं. जरा थापटून बघू?

वहिनी : हात मांडीवर ठेवा. चारशे नऊ म्हणजे आईंच्या ऑपरेशनचा आठवडा. दवाखान्यातल्या बाकावर बसून केलं होतं ते.

दीर : आठवतंय. शुद्धीवर आल्याबरोबर तिनं विचारलं, पेपर आला का. नर्स म्हणाली, आजी, आधी पाणी प्या.

वहिनी : पाण्याआधी पेन्सिल मागितली. आणि माझ्या हातातलं कोडं बघून आडवा सातवा शब्द चुकलाय म्हणाल्या.

दीर : चुकला होता?

वहिनी : हो ना. बघा, सरकलं. चारशे दहा.

दीर : पळतंय आता. पाचशे... पाचशे पन्नास... बहात्तर. झालं, वहिनी.

वहिनी : नवीतून एक उघडून बघते. पहिलंच. उघडलं. अगंबाई, किती सोपी घालत होते मी तेव्हा.

दीर : तेव्हा मीही खरोखरच सोडवायचो. वहिनी, हा माउस हलत नाही.

वहिनी : आवाजही थांबला.

दीर : जुनी गेली, कॉम्प्युटर तिच्यावरच चालत होता. असू दे, संध्याकाळी नवीवर सगळं नीट चढवतो. ही भंगारात टाकू का?

वहिनी : नको. पैसे मी घातले, मेहनत तुमची, पण शेवटच्या कोड्यापर्यंत जीव हिनं घातलाय. पुसून कपाटात ठेवा.