पुलापलीकडून ‘ये, ये’

हॅलो?… हॅलो?… कोण?…

दादा?…

वहिनी! अगं, तू होय!… नाही नाही, काही नाही झालं. स्क्रीनवर ‘दादा’ असं नाव आलं आणि गाडीचं एक चाक फुटपाथवर चढलं, एवढंच… पण त्याच्या फोनवरून का?… हां. तुझ्या फोनवर चीनमध्ये काही चालत नाही आणि त्याच्या फोनवर ते तिकडचं ॲप आहे… हो, माझ्याकडेही आहे ना. कारखान्यासाठी मशिनरी बघायला जायचा तेव्हा त्यानेच टाकून दिलं होतं… नाही काढलं मी. जागा खात नाही ते… बोल. ईसा टाउनला आहे, शाळेसमोर रांगेत. स्पृहा सुटेल आता. बहारीनला दीड वाजतोय. तुझ्याकडे?… साडेसहा. मग बोल ना, इतकी हळू का बोलतेस?…

काय?…

परत सांग. कोणी हाक मारली?…

वहिनी, हे बघ. मी फिजिक्सची एम.एस्सी. आहे. सखीरच्या विद्यापीठात एकोणीस वर्षं लॅब सांभाळते. आणि अत्यंत जबाबदारीने सांगते की मेलेला माणूस हाक मारत नाही. आवाजाला घसा लागतो, घशाला हवा लागते. विषय संपला… काय? लिंबू? गाडीतलं लिंबू वेगळं. ते गाडीबरोबर आलं. दादाची गाडी, दादाचं लिंबू. मी फक्त बदलते. दर शनिवारी…

बरं, पहिल्यापासून सांग. आहेस कुठे?… हो, ते जुनं गाव. काल फोटो टाकलेस ते डोंगर, ती पायऱ्यापायऱ्यांची भातशेती… सुंदरच होते गं, मी लाइकचा अंगठा टाकला होता की… मग?… एकटी? बाकीचे चौदा जण?… पुढे गेले जेवायला. आणि तो विनीत? टूर मॅनेजर ना तो, माणसं मोजत नाही का?… मोजतो, पण तू मागे राहिलीस. कशाला?… आरसे बघायला. कसले आरसे?… प्रत्येक दारावर? वाटीएवढे, बाहेर तोंड करून… म्हणजे घरातल्यांना नाही, येणाऱ्यालाच आपला चेहरा दिसतो. छान… आणि रस्त्यात माणूस एकही नाही. आणखी छान… कसला आवाज?… धप… धप… कापड बडवतात, असं विनीत म्हणाला. पण बडवताना कोणाला पाहिलंस?… नाही. ठीक आहे. आवाज आहे, उगम दिसत नाही. हे बसतं फिजिक्समध्ये. पुढे…

धुकं… नदी… छपराचा लाकडी पूल… आणि पलीकडून…

काय म्हणाला?…

‘ये. ये.’

मराठीत?… अगं, चीनच्या डोंगरात संध्याकाळी साडेसहाला मराठीत कोण… दोनदा. मग थांबून पुन्हा दोनदा…

…हो. तसंच म्हणायचा तो. मला काय सांगतेस! तू तीस वर्षं त्याच्या मागून चाललीस, मी बावन्न. मनामाचा बाजार असो की विमानतळ, हा दहा पावलं पुढे. मागे न बघता, नुसता हात हलवून, ‘ये, ये’. शेजारून चालला नाही कधी माणूस. लग्नातसुद्धा सप्तपदीला भटजींनी दोनदा थांबवलं होतं त्याला…

नाही, ऐक. वहिनी, ऐक ना. दादाला जाऊन चौदा महिने झाले. वर्षश्राद्ध झालं. त्याचं रेसिडेन्सी कार्ड आपण दोघींनी जाऊन परत केलं. चीनचा व्हिसा तर त्याआधीच संपला होता. तो कायदेशीररीत्या तिथे असूच शकत नाही… आवाज बारीक आहे? बारीक कसा असेल? दादाचा आवाज म्हणजे… हां, लांबून येतोय म्हणून बारीक. बरं…

एक मिनिट हं… यस, यस… भाईसाब, बच्ची आ रही है, बस दो मिनट… अच्छा, यल्ला, आगे लेती हूँ, आगे… तुला नाही! वहिनी, तुला नाही! तू पुढे जाऊ नकोस. गेटवरचा जैनुद्दीन गाडी पुढे घ्या म्हणतोय. तू तिथेच थांब. कुठे आहेस नक्की?… पुलाच्या तोंडाशी. आणि?… पिवळी फीत. म्हणजे बंद आहे पूल… चिनी भाषेत लिहिलंय ना? काहीही लिहिलेलं असो. पिवळी फीत आडवी म्हणजे जाऊ नका. मनामापासून तिथपर्यंत सगळीकडे हाच अर्थ… मधल्या फळ्या दिसत नाहीत? दिसत नाहीत, की नाहीत?… सांगता येत नाही. खाली पाणी किती खाली आहे?… नुसतं ऐकू येतंय. वहिनी, मागे हो…

माहीत आहे गं. तिकिटं दोघांची काढायची होती. ‘यंदा तुला ते डोंगर दाखवतोच’, मी होते ना समोर… म्हणून तर तुला म्हटलं जा. पण डोंगर बघायला जा म्हटलं होतं मी…

इथे? इथे पण काही नाही दिसत. धूळ उठलीय. समोरची शाळा गेली. म्हणजे आहे, दिसत नाही. पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे. आत्तापर्यंत हॉर्न वाजत होते, तेही थांबले… नाही, घाबरत नाहीये. माहिती देतेय…

आलं परत? थांब. बोलू नकोस. तुझा फोन इथे गाडीच्या स्पीकरवर आहे. धर तिकडे…

…

…

वहिनी, आत्ता तू बोललीस का?…

स्वतःच्या तोंडाने ‘ये’ म्हणाली नाहीस?… शपथ?…

एसीचा असेल. थांब, एसी बंद करते…

…

ऐकलं.

हो. ऐकलं मी. चारही स्पीकरमधून. मागच्या सीटवरूनसुद्धा…

नाही, मागे वळून नाही बघणार मी.

…वहिनी… त्याला एक विचार ना… विचार, त्या दिवशी मला फोन कशासाठी केला होता… हो, गेला त्याच दिवशी. सकाळी अकराला. मी नाही उचलला. स्टाफ मीटिंग होती. नाव बघितलं आणि फोन टेबलावर पालथा घातला. मग एक वाजता तुझा आला… नाही, कोणाला नाही सांगितलं. तुला काय सांगणार? चौदा महिने मी… म्हणून आज पहिल्या रिंगला…

काय?… तुला माहीत आहे?… तुझ्यासमोर केला होता?… मग कशासाठी?…

कोकम.

घरातली कोकमं संपली म्हणून. ‘शुभाकडे असतील, विचारतो…’ बस? एवढंच?… आणि मी नाही उचलला तेव्हा?… ‘मीटिंगमध्ये असेल’ म्हणाला. मग?… मग तू चिंच घातलीस आमटीत…

…रडत नाहीये. धूळ आहे.

होती गं. बरणीभर होती.

…वहिनी? चालतेस का तू?… पावलं ऐकू येतायत. लाकडावर. वहिनी, तू पुलावर आहेस?… फीत ओलांडलीस?… ‘बघून येते’ काय! शेजारी विरजण मागायला चाललीस का?… तो हाक मारतोय आणि मी न उचलल्यासारखं करू, असं म्हणतेस… नाही, बरोबर बोललीस. लागलं मला, पण बरोबर बोललीस. तरी थांब. मी सांगते म्हणून थांब!… अगं…

का थांबलीस?… आता काय ऐकू आलं?… वेगळं?…

‘नाय. नाय.’

…त्याचाच आवाज, की बाईचा?… कळत नाही… नीट ऐक. ‘नाही’ म्हणतंय, की ‘नाय’?… नाय. वेंगुर्ल्याचं नाय?… दोनदा. लागोपाठ…

आई.

आई जाऊन सहा वर्षं झाली, मला माहीत आहे! पण दुसरं कोण म्हणतं असं? आपल्या काशीबाईंचा आयुष्यभर एकच शब्द. चहा टाकू? नाय नाय. डॉक्टरकडे जाऊया? नाय नाय. बहारीनला राहायला चल? नाय नाय. तुमच्या लग्नाला तर… चारदा? मला तीनदाच आठवतंय… बघ. तो ये म्हणतोय, ती नाय म्हणतेय. मेल्यावरसुद्धा मायलेकांचं एकमत नाही. वहिनी, ऐक तिचं. आयुष्यात एकदा तरी सासूचं ऐक!… मी तिची बाजू घेत नाहीये. तीस वर्षं तुझीच घेतली, तिच्या तोंडावर घेतली. पण आज ती बरोबर आहे. वळ मागे… किती पावलं आली होतीस?… माहीत नाही, तर परतताना मोज. मोठ्याने. मला ऐकू दे…

हां… चार… पाच… हळू, घसरशील… आठ…

दहा.

दहाच होती होय… फीत आली? ओलांड. पायरी आहे? बस त्या पायरीवर… बस. बोलू नकोस काही. मीही नाही बोलत. फिजिक्सबद्दल तर अजिबात नाही…

…

काय गं?… कोण आलं?… मागून? गावाकडून?… म्हातारा. पाठीवर सरपण. बरं… आणि त्याच्यामागे म्हातारी. हातात कोबी… तुझ्याकडे बघून हसले. तू?… तूही हसलीस. मग?… फीत वर उचलली आणि खालून गेले? पुलावरून? सरळ?… फळ्यांचं काय?… म्हणजे आहेत फळ्या… आणि पलीकडून पुन्हा ‘ये ये’… मग?

त्या म्हाताऱ्याने ओ दिली.

…त्याने का ओ दिली?

विनीत आला? आत्ता आला? त्याला माझ्या वतीने एक… नको, राहू दे. ती चिनी गाईड आहे बरोबर? तिला विचार. आत्ताच्या आत्ता विचार, ‘ये ये’ म्हणजे काय…

…

आजोबा.

…आणि ‘नाय नाय’?

…

आजी.

हं… शहरातून सुट्टीला आलेली नात आहे… पाच वर्षांची… दोघांना जेवायला बोलावत होती…

म्हणजे आई काही म्हणालीच नव्हती… हसू नकोस… बरं, हस. तिला आवडलं असतं, तू तिचं ऐकलंस ते. तिने सांगितलं नसताना ऐकलंस, हे तर फारच… आणि ती पिवळी फीत कशाची म्हणते?… स्कूटर नेऊ नका म्हणून.

ठीक आहे. खलास…

स्पृहा, ये, बस. दप्तर मागे टाक… मामी आहे, चीनमधून… स्क्रीनवर मामाचं नाव आहे कारण फोन मामाचा आहे… नो, आय ॲम नॉट क्रायिंग. मराठीत विचार… धूळ आहे, बाळा. दार लाव…

वहिनी, आहेस ना?… ते गेले का आत? दिसतंय घर?… एक दिवा. बरं… ऐक ना, ठेवायच्या आधी… फोन जरा त्या बाजूला धरतेस? एकदाच… मला कळलंय गं, नात आहे. आजोबा म्हणजे आजोबा. कळलंय. तरी धर…

…

…

नाही. काही नाही येत…

हो, बरोबर आहे तुझं. जेवायला बसले असतील.