अर्ध्यावर न सोडायची चाल

– अरे बस रे झुहैर, चहा घे आधी. नको कसा? पुदिना आत्ताच खुडलाय. आजपासून लाल्ला गिझ्लानची बॅग तुझ्या खांद्यावर – मग तिच्या जुन्या कॅडीनं दोन गोष्टी सांगायला नकोत का? राग? छे! बुश्ताला कसला राग? गोल्फच्या अंतिम फेरीच्या तोंडावर काढलं मला – काढू दे. मालकीण ती.

एवढंच लक्षात ठेव – तिचे पाय थकत नाहीत, डोकं थकतं. शेवटचे होल आले की नजर विझते बघ; हातभरावरचा चेंडू खळीत जात नाही. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या – शेवटी मी मामाची गिंब्री आणली, तीन तारांचं वाद्य ते, आणि त्याचीच एक चाल वाजवायला लागलो. खेळायच्या आधी डोळे मिटून ऐकायची, आणि उठायची ती कशी? झोप पुरी झालेल्या लेकरासारखी! पण मैदानावर कानात गाणं लावून चालत नाही, नियमच आहे. मग थकली की मी तीच चाल गुणगुणायचो – नाकातल्या नाकात. पंचांना वाटायचं, म्हातारा धापा टाकतोय! तुला येते ती चाल? नाही ना. काल म्हणते कशी – "सी बुश्ता, तुमच्या आवाजाशिवाय माझा हातच उठत नाही हो, मला या सवयीची भीती वाटते." तोंडावर! पाच वर्षं ज्यानं...

असो. मामा एस्सौइरा गावचा, लोकांच्या अंगात येईपर्यंत रात्र-रात्र वाजवणारा. त्याचा एकच दंडक – अंगात आलेल्या माणसापुढं चाल मध्येच थांबवायची नाही. एकदा थांबली. ती बाई अजून भिंतीकडं तोंड करून बसते. तार तुटली, म्हणाला मामा. त्या बाईशी त्याचं भांडण होतं खरं – पण तुटली असेल तार.

मी? मी कुठं जातोय! शेवटच्या होलपाशी, दोरीपलीकडं, निलगिरीखाली. बघायला आलेल्याला कोण हाकलतं? बरोबरीत आहे ना ती – शेवटच्या फटक्यावरच येणार सगळं. थकलेली असेल बिचारी. मी हळूच सुरू करीन, तिला आवडते तशी. खांदे सैल सोडेल, काठी मागं नेईल, आणि – म्हाताऱ्याचा दम, मध्येच तुटतो कधी.

असा काय बघतोस? चहा सांडलास की. सांगणार तिला? सांग ना, खुशाल सांग – मग पहिल्या होलपासूनच कान माझ्याकडं लावून खेळेल.

जा. हाक मारतेय ती. बॅग सरळ धर.